प्रेसची पीएलसी बंद मॉडेलची निघाली, पार्ट कुठून आणायचा?

कापूसकोंड्या
नमस्कार मंडळी. पांढरकवडा भागात आमच्या मामांची जिनिंग-प्रेसिंग आहे, तिथलं मशिनरीचं काम मी पाहतो. गाठी बांधायच्या प्रेसच्या पॅनलमध्ये मित्सुबिशीची एफएक्स२एन-४८एमआर पीएलसी आहे, म्हणजे प्रोग्रॅमप्रमाणे प्रेसच्या हालचाली चालवणारी डबी. सरकारच्या कापूस टेक्नॉलॉजी मिशनच्या अनुदानात प्रेस घेतली तेव्हापासूनची. इतकी वर्षं सीझनभर दिवसरात्र चालली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आता दोन आउटपुट मेलेत. पीएलसीवरचा दिवा लागतो, आतला रिले टिक करतो, पण टर्मिनलवर सप्लाय नाही. त्यातला एक पुशरच्या सॉलेनॉइडचा (हायड्रॉलिक व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलचा) आहे. शिवाय बॅटरीचा लाल दिवा दिवाळीपासून पेटलेला आहे.

पॅनल ज्यांनी बनवलं त्यांनी धंदा बंद केला. प्रोग्रॅमची कॉपी आमच्याकडे नाही. एका डीलरला विचारलं तर म्हणे मॉडेल बंद झालं, अख्खं पॅनलच बदला. कोटेशन पाहून मामांनी चहा अर्धाच ठेवला. आवारात सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापसाच्या गंज्या लागल्यात, प्रेस आठवडाभर बंद ठेवणं जमणार नाही.

हेच मॉडेल, जुनं का होईना, कुठे मिळेल? आणि जुना माल घेताना काय पाहायचं?

जुना_वायरमन
भाऊ, पार्ट मंग पाहाचा. पहिले मले सांग, पॅनलचं मेन स्विच बंद तं नाही केलं ना? करू नको. एफएक्स२एनचा प्रोग्रॅम रॅममधी असते. लाइन आहे तवरीक ठीक, लाइन गेली का त्याले बॅटरीच सांभाळते. दिवा लागल्यावर कंपनी महिनाभराचा अंदाज देते. तुयी दिवाळी कवाची झाली!

कापूसकोंड्या
बापरे. पण आमच्याकडे लाइन रोज जाते. रात्री तर जातेच.

जुना_वायरमन
मंग बॅटरीत अजून जीव आहे असं समज आन् आजच्या आज प्रोग्रॅम उतरवून घे. एका दिवशी लाइन येईन आन् प्रेस ढिम्म हालणार नाही.

बुटीबोरी_ऑटोमेशन
वरचा सल्ला शंभर टक्के बरोबर. तपशील देतो.

लागणारं सामान : एससी-०९ केबल आणि जीएक्स डेव्हलपर किंवा जीएक्स वर्क्स२. पीएलसीचा प्रोग्रॅमिंग पोर्ट आठ पिनांचा गोल आहे, आरएस-४२२. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबीवाली एससी-०९ मिळते ती घ्या. स्वस्तातल्या केबलचा ड्रायव्हर विंडोजच्या नव्या आवृत्तीत रुसतो, म्हणून जुना लॅपटॉप असेल तर तोच काढा. ‘रीड फ्रॉम पीएलसी’ करताना प्रोग्रॅमबरोबर पॅरामीटर आणि डेटा रजिस्टरसुद्धा वाचून घ्या. टायमरच्या, प्रेशरच्या सेटिंग बरेचदा डी रजिस्टरमध्ये असतात. नुसती लॅडर (प्रोग्रॅमची आकृती) वाचून आणली तर प्रेस चालेल, पण गाठीचं वजन आणि दाब पुन्हा बसवत बसाल.

आणि एकच फाइल ठेवू नका. एक मामांच्या फोनवर, एक मेलवर, एक पेनड्राइव्हवर, तो पेनड्राइव्ह पॅनलच्या दाराला आतून चिकटवून.

सरकी
पेनड्राइव्ह पॅनलमध्ये ठेवला की पुढच्या सीझनला त्यात पोरांची लग्नाची गाणी असतात. अनुभव आहे 😄

बुटीबोरी_ऑटोमेशन
😄 मग कुलूप लावा. बॅटरीचं राहिलं. तिचा नंबर एफ२-४०बीएल, ३.६ व्होल्टची लिथियम, वायर-कनेक्टरसकट येते. पीएलसी बंद मॉडेलची असली तरी बॅटरी अजून सहज मिळते. मॅन्युअलप्रमाणे वीज बंद करून जुनी काढल्यापासून २० सेकंदांच्या आत नवी जोडायची, तेवढ्या वेळात मेमरी टिकते.

गडचांदूरकर
लाइव्ह असताना बदलली तर? आमच्या प्लांटला तसंच करतात.

बुटीबोरी_ऑटोमेशन
काही पीएलसींना तसं चालतं, काहींना तसंच सांगितलेलं असतं. ज्याच्या-त्याच्या मॅन्युअलवर जा. इथे तरी आधी प्रोग्रॅम उतरवायचा, मगच बॅटरीला हात लावायचा. म्हणजे २० चे ४० सेकंद झाले तरी घाम फुटणार नाही.

नागपुरी_तडका
कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

सरकी
सांग म्हटलं की संपतच नाही ती. आयडी पाहूनच वाटलं हा धागा लांबणार.

खारपाण
मूळ प्रश्नावर येतो. मी अकोल्यात डाळ मिलची आणि जिनांची पॅनलं दुरुस्त करतो. तुमचं लक्षण म्हणजे रिलेचे कॉन्टॅक्ट जळालेत, पीएलसी मेलेली नाही. या मॉडेलचा आउटपुट पॉइंटला २ अँपिअर, तोही रेझिस्टिव्ह लोडला. हायड्रॉलिकचं सॉलेनॉइड म्हणजे कॉइल. बंद करताना ती उलटा झटका देते आणि प्रत्येक झटक्याला कॉन्टॅक्टवर ठिणगी. गाठीगणिक किती वेळा पुशर पुढे-मागे होतो त्याचा हिशेब करा, म्हणजे रिले इतकी वर्षं कसा टिकला याचंच नवल वाटेल.

दोन उपाय आहेत. एक, ४८एमआरला २४ आउटपुट असतात, प्रेसला सगळे लागत नाहीत. मोकळा आउटपुट शोधा, प्रोग्रॅममध्ये तो नंबर बदला, वायर तिकडे हलवा. पण कॉमन, म्हणजे गटाचं सामाईक टर्मिनल, पाहून! पहिले सोळा आउटपुट चार-चारच्या गटात आहेत, शेवटचे आठ एका कॉमनवर. एखाद्या गटात २४ व्होल्ट डीसी, दुसऱ्यात २३० व्होल्टचे कॉन्टॅक्टर असतात. २४ ची वायर २३० च्या गटात गेली की सॉलेनॉइडचा धूर. आउटपुटचे वाय नंबर अष्टमान पद्धतीचे आहेत हेही ध्यानात ठेवा, वाय७ नंतर थेट वाय१०. आठ-नऊ शोधत बसू नका.

दोन, कार्ड उघडून रिलेच बदला. बोर्डावर सोल्डर केलेला साधा रिले असतो. चांगला हात असलेला माणूस अर्ध्या तासात बदलतो.

दोन्हींत एक गोष्ट मात्र करा : पीएलसी आणि सॉलेनॉइडच्या मध्ये बाहेरचा प्लग-इन रिले टाका आणि डीसी कॉइलवर तो उलटा झटका जिरवणारा डायोड. पुढच्या वेळी जळेल तो बाहेरचा रिले, आणि तो यवतमाळात कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

कापूसकोंड्या
@खारपाण, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी सरळ नवी पीएलसी शोधायला लागलो होतो. मोकळे आउटपुट आहेत, टर्मिनलवर वायर नसलेले पाच दिसतात.

मुळामुठा
पुण्याला भोसरीत या. जुन्या मशिनींचं सामान विकणाऱ्यांकडे एफएक्स२एन ढिगाने पडलेल्या असतात. एवढं काय त्यात.

नागपुरी_तडका
घ्या. आलेच. भोसरीहून पांढरकवड्याले रात्रभर ट्रॅव्हल्समधी बसून पीएलसी आणाची, आन् ती बी चालन का नाही माहीत नाही. त्यापरीस भावनगर बरं.

मुळामुठा
भावनगर का?

जुना_वायरमन
अलंग. जुनी जहाजं तोडतेत तिथं. जहाजावर सारंच असते, पीएलसी, एसएमपीएस, कॉन्टॅक्टर, ब्रेकर, सेन्सर. जपानी जहाजातून जपानी माल निघते, युरोपच्या जहाजातून सीमेन्सचा. भावनगरचे व्यापारी तो साफ करून, नंबर पाहून कपाटात लावतेत आन् कुरियरनं देशभर धाडतेत. मी एक ओमरॉन तिथूनच मांगवली होती, आजवर चालून राहिली.

गडचांदूरकर
अलंगचा माल चांगला असतो, पण खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेला असतो. टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवट पुटं दिसली तर नको म्हणा.

बुटीबोरी_ऑटोमेशन
जुना माल घेताना मी काय पाहतो ते सांगतो.

लेबलवरच्या सिरियल नंबरात बनवल्याचं वर्ष आणि महिना असतो, तो कसा वाचायचा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे. विकणारा ‘न वापरलेला, सीलबंद’ म्हणतो आणि स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ओरखडे असतात, तेव्हा समजून घ्यायचं. लेबल कोरं करकरीत आणि डबी पिवळी पडलेली, तरी सावध. मुख्य म्हणजे पैसे देण्याआधी व्हिडिओ मागायचा : पीएलसी रनमध्ये, एकेक आउटपुट ऑन करून मल्टिमीटर टर्मिनलला लावलेला. नुसते दिवे पेटलेले दाखवले तर त्याला अर्थ नाही, तुमच्या पीएलसीचे दिवे तरी कुठे बंद आहेत?

माल हातात आल्यावर तो थेट पॅनलमध्ये बसवू नका. आत दुसऱ्याच कुठल्या तरी मशिनचा प्रोग्रॅम असू शकतो. टेबलावर नुसता सप्लाय द्या, मेमरी पुसा, तुमचा प्रोग्रॅम टाका, मग आउटपुटच्या वायरी जोडा. कोणाच्या तरी बिस्किटाच्या मशिनचा प्रोग्रॅम शंभर टनाच्या हायड्रॉलिक प्रेसवर चालू झाला तर काय होईल याचा विचार करा.

सरकी
गाठीऐवजी क्रीमचं बिस्किट निघेल.

ढेप
मी सांगू का, एवढं सगळं कशाला? आमच्याकडे मागच्या सीझनला पीएलसी गेली तेव्हा फिटरने व्हॉल्व्हच्या पिना पेचकसाने दाबून प्रेस चालवली. दोन माणसं लावली, एक पिन दाबायला, एक ओरडायला. गाठी निघाल्या की नाही? निघाल्या.

खारपाण
ढेप, हे लिहिलं ते लिहिलं, दुसऱ्या कोणाला सांगू नका. पिन हाताने दाबली की दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना प्रेस चालू न देणारा), लिमिट स्विच, इमर्जन्सी सगळं बाजूला पडतं. पेटीत माणूस वाकलेला असताना पिन दाबली गेली तर ओरडणाऱ्याचा आवाज ऐकू येणार आहे का? तीस-चाळीस जिन चालू असतात शेडमध्ये. बोटं गेलेली माणसं आहेत आपल्याकडे, विचारून पाहा.

ढेप
अहो, सीझन होता. गाड्यांची रांग गेटच्या बाहेर. मालक वर उभा.

खारपाण
मालक उभा होता, पेटीजवळ नव्हता ना.

जुना_वायरमन
खारपाण बरोबर बोलते. दार ‘डायरेक्ट’ करून चालवनं मी पाह्यलं आहे, मी तिथून उठून घरी आलो. रोजी गेली तं गेली.

गडचांदूरकर
थोडं वेगळं. हे सगळं एकाच वेळी का होतंय ते पाहा. कापसाचं टेक्नॉलॉजी मिशन २००० साली सुरू झालं आणि २०१० पर्यंत चाललं. त्या दहा वर्षांत विदर्भात जिनिंग-प्रेसिंगचं आधुनिकीकरण झालं, पॅनलं त्याच काळातली. म्हणजे यवतमाळ-वर्ध्यापासून अकोल्यापर्यंतच्या पीएलसी साधारण एकाच वयाच्या आहेत आणि एकदमच म्हाताऱ्या होताहेत. आज कापूसकोंड्या विचारतोय, उद्या दहा जण विचारतील आणि भावनगरवाल्याचा भाव वाढेल.

सिमेंटमध्ये आम्ही याचं नियोजन करतो. एखादं मॉडेल बंद होणार अशी कंपनीने सूचना दिली की शेवटची खरेदी करून ठेवायची. सीमेन्सची एस७-३०० घ्या, ऑक्टोबर २०२३ पासून नियमित विक्रीतून गेली, सुटे भाग पुढची दहा वर्षं देऊ म्हणतात. मग त्या दहा वर्षांत बदलायचं कसं ते ठरवायचं. यावर आयईसी ६२४०२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे.

नागपुरी_तडका
साहेब, आमच्या जिनात मानक एकच, ‘सीझन निघाला पाहिजे’.

गडचांदूरकर
हसा. पण नासाचीही हीच गत होती. २००२ साली स्पेस शटलच्या तपासणीच्या यंत्रणेसाठी ते इंटेलच्या ८०८६ चिपा ईबेवरून गोळा करत होते.

सरकी
म्हणजे मामा आणि नासा एका रांगेत. मामांना सांगा, चहा पूर्ण पितील.

मुळामुठा
पण इतक्या लवकर खराब का व्हाव्यात? आमच्याकडे नव्वदच्या दशकातल्या चालू आहेत.

खारपाण
तुमच्याकडे एसी शेड असेल. आमचं पॅनल पत्र्याखाली. पीएलसीला ५५ अंशांपर्यंतच परवानगी, आणि पॅनलच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त असतं. पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण अर्धंच आयुष्य जगतो. वर रुईची धूळ. पंख्याच्या जाळीवर तिची गादी बसते, हवा आत जातच नाही. मग कोणी तरी दार उघडून समोर टेबल फॅन लावतो, म्हणजे उरलेली धूळही आत.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. एप्रिलनंतर जिन बंद होते, मेन स्विच खाली. ऐन मे महिन्याच्या ४५ अंशांत, लाइन नसताना, पाच-सहा महिने प्रोग्रॅम एकट्या बॅटरीच्या जिवावर राहतो. तिचं आयुष्य पाच वर्षं लिहिलेलं असतं, ते अशा उन्हाळ्यांसाठी लिहिलेलं नाही. म्हणून सीझन उघडताना दसऱ्याला पॅनलची पूजा करतो तेव्हाच बॅटरीची तारीख पाहायची.

वर्धेकाठी
मी जिन विकत घेतली तेव्हा मागच्या मालकाने पीएलसीला पासवर्ड टाकून ठेवलेला निघाला. नेटवर पासवर्ड तोडायची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. कोणी वापरली आहेत का?

बुटीबोरी_ऑटोमेशन
हात लावू नका. २०२२ च्या जुलैत ड्रॅगॉस या औद्योगिक सुरक्षेत काम करणाऱ्या कंपनीने असंच एक सॉफ्टवेअर तपासलं. पासवर्ड मिळत होता खरा, पण सोबत सॅलिटी नावाचा व्हायरस कॉम्प्युटरमध्ये बसत होता. तुम्ही ज्या लॅपटॉपवर सीसीआयची बिलं करता त्याच लॅपटॉपवर ते चालवणार. त्यापेक्षा मागच्या मालकाला, नाही तर ज्याने पॅनल बनवलं त्याच्या इंजिनिअरला फोन करा. पासवर्ड बहुतेक वेळा माणसाकडूनच मिळतो.

नागपुरी_तडका
आन् तो बहुतेक वेळा १२३४५६७८ असते.

वर्धेकाठी
मिळालाच नाही तर?

खारपाण
तर प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. प्रेसची क्रिया काही गूढ नाही : ट्रॅम्पर, पुशर, दाब, कुलूप, बांधणी, बाहेर. ऑपरेटरला शेजारी बसवा, तो जे बटण जेव्हा दाबतो ते लिहून काढा. पण सीझनमध्ये नाही.

पोटॅशियम
मी विरुद्ध बाजूने बोलतो. जुना माल शोधत फिरणं म्हणजे दुखणं लांबवणं आहे. मित्सुबिशीचंच पुढचं मॉडेल एफएक्स३यू २००५ पासून आहे, जुना प्रोग्रॅम सॉफ्टवेअरमध्ये पीएलसी टाइप बदलला की बहुतेक जसाच्या तसा चालतो. पॅनल बदलायची गरज नाही, नुसती पीएलसी बदला. डीलर ‘अख्खं पॅनल’ म्हणतो कारण त्याला त्यात जास्त सुटतं.

बुटीबोरी_ऑटोमेशन
मान्य, आणि सीझन संपल्यावर मीही तेच सांगितलं असतं. दोन-तीन अडचणी मात्र आधीच माहीत असाव्यात. एफएक्स२एनला इनपुटचं कॉमन ‘कॉम’ टर्मिनलवर होतं. एफएक्स३यूला एस/एस नावाचं वेगळं टर्मिनल आहे, जुन्या वायरिंगसारखं चालवायचं तर ते २४ व्होल्टला जोडावं लागतं आणि सेन्सरचं कॉमन ० व्होल्टवर येतं. हे राहिलं की एकही इनपुट पेटत नाही आणि लोक नवी पीएलसी खराब म्हणून परत पाठवतात. जुनी ॲनालॉग मोड्यूल बरीचशी चालतात. पण डोक्यावर बसणारं कम्युनिकेशनचं छोटं कार्ड जुनं बसत नाही, ते एफएक्स३यूचंच लागतं. स्क्रीन त्या कार्डावर जोडलेली असेल तर आधी पाहून ठेवा.

पोटॅशियम
मग आपलं एकमत झालं की.

बुटीबोरी_ऑटोमेशन
तारखेचं सोडून. २०२१-२२ मध्ये चिपांच्या टंचाईत नव्या पीएलसीसाठीही महिनोन्‌महिने थांबावं लागलं होतं. म्हणून म्हणतो, नवी आणा, पण जुनी चालती ठेवून आणा.

सरकी
नागपूरला सिरकॉटचं (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे फिटर लोकांना जिनिंगचं शिकवतात. आमची दोन पोरं जाऊन आली, रोलरची सेटिंग, चाकूची सेटिंग झकास शिकली. पण पॅनलपुढे उभं केलं की हात खिशात.

जुना_वायरमन
पोट्ट्यायले दोष नाही. आमच्या वक्ताला रिलेचं पॅनल होतं, डोळ्याले दिसे कोणता ओढला आन् कोणता नाही. आता सारं डबीत. मालक लॅपटॉप घेऊन देत नाही आन् म्हणते शिक.

कापूसकोंड्या
सगळ्यांना अपडेट. अमरावतीहून एक ओळखीचा मुलगा केबल घेऊन आला. पासवर्ड नव्हता. प्रोग्रॅम, पॅरामीटर, रजिस्टर सगळं उतरवलं, मामांच्या फोनवरही टाकलं. पुशर आणि दुसरा आउटपुट मोकळ्या पॉइंटवर हलवले, कॉमन तपासून. मध्ये प्लग-इन रिले आणि डायोड टाकले. प्रेस कालपासून चालू आहे. बॅटरी मागवली आहे. एफएक्स३यू एप्रिलनंतर घ्यायची असं मामा ‘बघू’ म्हणालेत.

एक अडचण : लॅडर उतरली, पण त्यात एकही नाव नाही. नुसते एक्स (इनपुट) आणि वाय (आउटपुट).

खारपाण
नावं म्हणजे कॉमेंट. त्या बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच राहिल्या असणार, पीएलसीत मुद्दाम टाकल्या तरच येतात. आता एकच मार्ग. प्रेस उभी असताना एकेक लिमिट स्विच हाताने दाबायचा, कोणता एक्स पेटतो ते पाहायचं, लिहायचं. वायरींना नंबर फेरूल घाला त्याच वेळी. एका दुपारचं काम आहे, ऑपरेटरला सोबत घ्या.

पोटॅशियम
मामांचा ‘बघू’ म्हणजे पुढची दिवाळी. आत्ताच ऑर्डर द्या.

वऱ्हाडी_सूत
धागा पळवतो, माफ करा. आमच्या सूतगिरणीच्या ब्लो रूमला (कापूस मोकळा करून साफ करतात तिथे) सीमेन्सची जुनी एस५-११५यू पीएलसी आहे. प्रोग्रॅम डॉसवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, केबल पंधरा पिनांची. तो कॉम्प्युटर मागच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेला. पीएलसी अजून चालू आहे.

बुटीबोरी_ऑटोमेशन
भंगारवाला ओळखीचा असेल तर आज संध्याकाळीच गाठा. त्या पोर्टवर २० मिलिअँपिअरचा करंट लूप चालतो, साधी सिरियल केबल लावून काही होत नाही. कन्व्हर्टर अजून मिळतो, प्रोग्रॅमची फाइल मिळत नाही. आणि सीपीयूच्या खाचेत मेमरी मोड्यूल बसवलेलं आहे का तेवढं सांगा. ईप्रॉमचं असेल तर बॅटरी गेली तरी प्रोग्रॅम त्यात राहतो. रॅमचं असेल तर त्या पॅनलला कोणाला हात लावू देऊ नका.

वऱ्हाडी_सूत
खाचेत काहीतरी आहे, लेबल पुसलंय. फोटो कसा काढू, दार उघडायला मेन स्विच खाली घ्यावा लागतो.

जुना_वायरमन
घेऊ नको!! दाराच्या हँडलजवळ इंटरलॉक सोडवाचा लहान स्क्रू असते. फिरवता येत असन अशा इलेक्ट्रिशियनले बोलाव, लाइव्ह पॅनल आहे हे त्याले पहिलेच सांग, आन् मंग फोटो टाक.